ढीग हलला, जमीन तिथेच आहे

पुण्यात कचरा डेपोचा विषय निघाला की चर्चा दोन आकड्यांपाशी येऊन थांबते : किती टन उपसले आणि किती एकर मोकळे झाले. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या १६३ एकरांबद्दल प्रशासन हेच आकडे पुढे करते, टीकाकार ते फुगवलेले आहेत म्हणतात, आणि तिसरा गट मोकळ्या जागेवर काय उभारायचे याचे बेत आखू लागतो. तिकडे पिंपरी-चिंचवडमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली भंगाराची हजारो गोदामे आणि पत्राशेड पाडली गेली. वाद पेटला तो अतिक्रमण विरुद्ध रोजगार असा. दोन्हीकडचे लोक पोटतिडकीने बोलतात आणि त्यांचे बोलणे गैरलागूही नाही. पण जिथे वर्षानुवर्षे कचऱ्याचे काळे पाणी मुरले, जिथे बॅटऱ्या फोडल्या, केबली जाळल्या, ड्रम धुतले, तिथली माती आज कोणत्या अवस्थेत आहे हे कोणी विचारताना दिसत नाही.

ढीग हलवणे आणि जमीन साफ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचे टेंडर निघते, बिल निघते, फोटो निघतात. दुसरे काम कोणाच्याच टेबलावर नसते. माझे म्हणणे असे की ते महापालिकेच्या टेबलावर आले पाहिजे. संशयित दूषित जमिनींची सार्वजनिक नोंदवही महापालिकेने ठेवावी, औद्योगिक किंवा डेपोच्या जागेचा वापर बदलण्यापूर्वी माती आणि भूजल या दोन्हींची तपासणी सक्तीची करावी, आणि साफ झाली म्हणून जाहीर केलेल्या जागेभोवतीच्या विहिरी पुढची किमान पंधरा वर्षे तपासत राहावे. हे सारे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम म्हणून हात झटकणे आता कायद्यातही बसत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. त्यांनुसार संशयित स्थळे ओळखून त्यांची सहामाही यादी राज्य मंडळाला देण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्था किंवा जिल्हा प्रशासनावर आहे. यादी आल्यावर मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची, दूषण नक्की झाले की जागा जाहीर करून तिथला वावर रोखायचा आणि जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. या साखळीची पहिली कडी महापालिका आहे. यादीच गेली नाही तर मंडळाचे ९० दिवस सुरूच होत नाहीत. नियम निघाले तेव्हा देशभरात अशी १०३ स्थळे निश्चित झालेली होती आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी. एवढ्या मोठ्या देशात दूषित जागा खरोखर १०३च असतील का? ज्या जागांचा बोभाटा झाला त्यांची नावे नोंदली गेली, बाकीच्या कुणी शोधल्याच नाहीत, असाच या आकड्याचा अर्थ लागतो.

याच नियमांत एक मोठी फट आहे आणि पुण्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. घनकचऱ्याच्या डेपोमुळे झालेले दूषण या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, कारण त्यासाठी वेगळा कायदा आहे. इतर घातक रसायने त्यात मिसळली आणि त्यांचे प्रमाण ठरलेल्या पातळीच्या वर गेले, तरच हे नियम लागू होतात. पण मिसळलीत की नाही हे मोजल्याशिवाय कसे कळणार? शहराच्या मिश्र कचऱ्यात ट्यूबलाइट, सेल, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या आणि छोट्या कारखान्यांचा गाळ हे सगळे गेलेले असते. म्हणजे ज्या तपासणीतून नियम लागू होतात की नाही हे ठरायचे, ती तपासणी नियम लागू नाहीत म्हणून टळते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी याची अर्धी सोय केली होती : भरावभूमी बंद झाल्यावर किमान १५ वर्षे देखरेख, आणि त्यानंतरही वायू, लिचेट (कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी) आणि मातीची स्थिरता तपासल्याशिवाय वस्ती नाही. हा दंडक शास्त्रीय पद्धतीने बांधलेल्या भरावभूमीसाठी असेल, तर तळाला अस्तरच नसलेल्या जुन्या उघड्या डेपोसाठी तो सैल कसा चालेल? तिथे तर जास्त कडक हवा.

पहिला आक्षेप क्षमतेचा. महापालिकेकडे ना प्रयोगशाळा, ना भूजलतज्ज्ञ. शिशाचे प्रमाण मोजायला लागणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे वॉर्ड ऑफिसात नसतात. खरे आहे. पण यादी करायला यंत्र लागत नाही, दप्तर लागते, आणि दप्तर महापालिकेकडेच आहे. मिळकतकराच्या नोंदीत कोणत्या शेडमध्ये प्लेटिंग (धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा), कोणत्यात रंगकाम, कोणत्यात भंगार हे दिसते. अग्निशामक दलाच्या वर्दीत भंगाराच्या आगी तारीखवार असतात. मंडळाची संमतिपत्रे लाल, नारिंगी, हिरव्या वर्गवारीनुसार मिळतात. जुन्या विकास आराखड्यांचे विद्यमान जमीन वापर नकाशे आहेत, उपग्रहाची जुनी छायाचित्रे आहेत. २०१७ आणि २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या गावांत ग्रामपंचायतींनी कचरा कुठे टाकला, वाघोलीकडच्या कोणत्या खाणी राडारोड्याने आणि आणखी कशाकशाने भरल्या, हे त्या गावांतल्या जुन्या माणसांना आजही सर्वे नंबरासह ठाऊक आहे. पाच वर्षांनी ठाऊक असेलच असे नाही. शिवाय महापालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल द्यावाच लागतो. त्याला जमिनीचे एक खरेखुरे प्रकरण जोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की तपासण्या होतातच. तोही अंशतः खरा. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि माती-भूजलाचे नमुने तपासून जड धातू झिरपत नाहीत याची खात्री करावी, ही अट त्या मंजुरीपत्रांत नेहमीची असते. पण नमुना कुठून, किती खोलवरून आणि कोणी घ्यायचा, यावर सगळे अवलंबून आहे. प्रयोगशाळेने एक आकडाही खोटा न लिहिता ‘जमीन स्वच्छ’ असा अहवाल कसा तयार होतो, ते नीट पाहण्यासारखे आहे.

समजा बंद पडलेल्या प्लेटिंगच्या कारखान्याची जागा आहे. शेड पाडले, फरशी उचकटली, राडारोडा गेला आणि वर दोन फूट मुरूम पसरून रोलर फिरवला. आता नमुना वरच्या १५ सेंटिमीटरमधून घेतला तर तपासला जातो तो खाणीतून आलेला ताजा मुरूम. खराब माती त्याच्या खाली, जुन्या टाक्यांच्या ओळीखाली आणि गटाराच्या सांध्यांपाशी बसलेली असते. म्हणून फरशी उचकटण्यापूर्वी जुना आराखडा हातात घेऊन टाक्या, ड्रेन, गाळ साठवायची जागा आणि मागचे कुंपण यांवर खुणा करायच्या आणि तिथेच १५ सेंटिमीटर, अर्धा मीटर, एक मीटर असे खडक लागेपर्यंत नमुने घ्यायचे. दुसरी युक्ती सरासरीची. पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एक नमुना केला, त्यात चार ठिकाणी शिसे किलोला ५० मिलिग्रॅम आणि पाचव्या ठिकाणी १,०००, तर अहवालात येते २४०. कॅनडाच्या मार्गदर्शक मर्यादा शेतीसाठी ७०, निवासासाठी १४०, व्यापारी वापरासाठी २६० आणि औद्योगिक वापरासाठी ६०० आहेत. म्हणजे दुकानांच्या संकुलासाठी ही जमीन ‘मर्यादेत’ ठरते आणि हजारवाली जागा नेमकी कुठे होती याचा मागमूस राहत नाही. मिश्र नमुना प्राथमिक चाळणीसाठी ठीक आहे, पण त्यावर दाखला देता कामा नये. सॉल्व्हंट, पेट्रोल यांसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांचे तर आणखी वेगळे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली माती दुपारच्या उन्हात प्रयोगशाळेपर्यंत गेली की त्यात मोजायला काही उरत नाही. हवाबंद काचेची बाटली काठोकाठ भरायची, लगेच बर्फाच्या पेटीत चार अंशांवर ठेवायची, आणि तोंडावर सही-शिक्क्याचे सील लावायचे.

पाण्याचे तेच. आपल्याकडे वर काळी माती किंवा मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र मऊ खडक. दूषित पाणी वाळूतून पसरते तसे सारखे पसरत नाही, ते भेगांची वाट धरते. त्यामुळे डेपोला खेटून असलेली विहीर चांगली आणि पाचशे मीटरवरची खराब, असे होऊ शकते. ‘शेजारची विहीर ठीक आहे, मग तुमची कशी बिघडली?’ असे शेतकऱ्याला दरडावणाऱ्या अधिकाऱ्याला बेसाल्ट कळलेला नसतो. नमुना खोल बोअरमधून घेतला आणि त्या बोअरला वरच्या थरापर्यंत केसिंग (आत बसवलेला पाइप) असेल, तर पाणी येते साठ-सत्तर मीटर खालच्या भेगेतून. लिचेट चाललेले असते वरच्या दहा-पंधरा मीटरांतल्या झिजलेल्या थरातून. अहवाल स्वच्छ, आणि बाजूच्या उघड्या विहिरीला मात्र वास. म्हणून निरीक्षणासाठी मुद्दाम खोदलेले उथळ बोअर हवेत : निदान एक उताराच्या वरच्या अंगाला, तीन खालच्या अंगाला. पावसापूर्वी आणि पावसानंतर, वर्षातून दोनदा नमुना. साचलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकल्यावरच बाटली भरायची. क्लोराइड मातीला चिकटत नाही, ते पाण्याबरोबर पुढे पळते; जड धातू मागून येतात. विद्युतवाहकता, क्लोराइड आणि अमोनिया चढायला लागले की ती धोक्याची आगाऊ सूचना समजावी. वाहकतेचा मीटर खिशात मावतो आणि तो वापरायला एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला अर्धा दिवस शिकवले तरी पुरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे; सल्ल्यासाठी लांब जायचे कारण नाही.

माहीतगार लोक इथे एक मुद्दा काढतात आणि तो खरोखर वजनदार आहे. परदेशी मर्यादा आपल्या मातीला लावता येत नाहीत. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबे निसर्गतःच किलोला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. कॅनडाची निवासी मर्यादा आहे ६३. ती आंधळेपणाने लावली तर सासवडचा अंजिराचा मळाही दूषित ठरेल. क्रोमियम आणि निकेलचेही थोडेफार तसेच. पण यावरून मोजूच नये असे कसे निघते? निघते ते एवढेच की आधी पुणे परिसराची नैसर्गिक पातळी ठरवावी लागेल : डेपो-कारखान्यांपासून दूर, त्याच खडकावरच्या, निदान काही डझन ठिकाणांची माती. मग संशयित जागेचा आकडा त्या पातळीशी ताडून पाहायचा. एकूण क्रोमियमबरोबर षट्संयुजी क्रोमियम वेगळे मोजायचे, कारण खडकातले क्रोमियम बहुतेक त्रिसंयुजी असते आणि प्लेटिंगचे विष षट्संयुजी. शिसे आणि कॅडमियम बेसाल्टमध्ये कमीच असतात. ते चढलेले दिसले तर खडकावर ढकलायला जागा राहत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप, जो सभांमध्ये उघडपणे फारसा मांडला जात नाही पण सगळ्यांच्या मनात असतो. जागेचे नाव यादीत आले की भाव पडणार, बँक कर्ज नाकारणार आणि मार बसणार तो एक-दीड गुंठ्यावर घर बांधलेल्या माणसाला. कारखानदार केव्हाच विकून मोकळा झालेला असतो. हा मुद्दा बिल्डरधार्जिणा म्हणून झिडकारणे मला पटत नाही. ब्रिटनने १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात, पूर्वीच्या वापरामुळे दूषित असू शकणाऱ्या सर्व जमिनींच्या नोंदवह्या स्थानिक परिषदांनी ठेवाव्यात असे कलम घातले होते. घरांचे भाव कोसळतील अशी ओरड झाली आणि १९९३ मध्ये सरकारने ते गुंडाळले. आपल्याच शहराचा अनुभव याहून कडू आहे. १८९७ च्या प्लेगात रोग्याची खबर देणे म्हणजे घरात सोल्जर शिरणे, सामान रस्त्यावर येणे आणि माणूस छावणीत जाणे. लोकांनी काय केले? रोगी लपवले, प्रेते लपवली. खबर देणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल तर खबर मिळत नाही, हे तेव्हाच्या प्लेग कमिटीला कळले नाही. आजच्या प्रशासनाला कळायला हवे.

म्हणून नोंदवही टप्प्याटप्प्याची असावी. ब्रिटनने २००० पासून अमलात आणलेली पद्धत या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. तिथे नुसते मातीत विष असून भागत नाही. विषाचा स्रोत, ते पोहोचण्याची वाट आणि ज्याला बाधा होईल असे माणूस, विहीर किंवा पीक, हे तिन्ही सापडले तरच जमीन कायद्याने दूषित ठरते, आणि ते तपासत राहणे हे स्थानिक परिषदेचे कर्तव्य आहे. आपल्याकडे ‘पूर्वीचा वापर संशयास्पद’, ‘तपासणी चालू’, ‘दूषित’ आणि ‘या वापरापुरती योग्य’ असे चार शेरे पुरतील. पहिला शेरा महापालिकेच्या अंतर्गत नोंदीत आणि झोन दाखल्यात. सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा मिळकत पत्रिकेवर नोंद फक्त तपासणीनंतर. सफाई झाली की ती नोंद कमी करण्याची मुदतबंद प्रक्रियाही हवी. आणि ज्याने दूषण केले नाही अशा राहत्या घरमालकाला खर्चाची नोटीस कधीही जाऊ नये. नव्या नियमांत जबाबदार सापडला नाही किंवा ऐपतीचा नसला तर केंद्र-राज्याने खर्च उचलण्याची तरतूद आहे, ती नेमकी अशा घरांसाठी वापरावी. भाव पडण्याची भीती खरी आहे. पण नोंद नसली म्हणून शिसे नाहीसे होत नाही. ते अंगणात खेळणाऱ्या पोराच्या पोटात जाते आणि त्याची किंमत कुठल्याच रेडीरेकनरमध्ये दिसत नाही.

चौथ्या ‘या वापरापुरती योग्य’ शेऱ्याला पुण्यातच उदाहरण आहे. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आज वनाझचा मेट्रो डेपो उभा आहे. काँक्रीटचा तळ, रेल्वेमार्ग, कार्यशाळा; तिथे कोणी भाजी पिकवत नाही, कोणाची मुले मातीत खेळत नाहीत. कचऱ्याच्या जुन्या जमिनीसाठी हा वापर समंजस म्हणायला हवा. प्रत्येक जागा शेतीयोग्य करण्याचा हट्ट धरला तर पैसा पुरणार नाही आणि एकही जागा पूर्ण होणार नाही. मात्र उद्या अशा जागेचा एखादा तुकडा शाळेला किंवा घरकुलाला द्यायचे ठरले, तर जुना दाखला रद्द समजून तपासणी पुन्हा पहिल्यापासून झाली पाहिजे. अमेरिकेत नायगाराजवळच्या लव्ह कॅनॉलमध्ये कंपनीने वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरलेली जमीन १९५३ मध्ये एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. शाळा झाली, घरे झाली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता. जमिनीचा वापर ठरवणाऱ्यांनी तो वाचून दुर्लक्षिला.

कार्यकर्त्यांचा आक्षेप उलट दिशेने येतो. डेपो महापालिकेचा, प्रदूषण महापालिकेचे आणि नोंदवहीही तिच्याच हातात? हा संशय रास्त आहे, आणि त्याला सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडमधल्या कॉर्बीचा. पोलादाचा कारखाना बंद झाल्यावर तिथल्या परिषदेने सुमारे ६८० एकर जमीन साफ करायला घेतली. हेतू चांगला होता. पण दूषित माती उघड्या लॉऱ्यांतून गावातून गेली, चाके धुतली गेली नाहीत, चिखल वाळून धूळ झाली. हातापायांत व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या कुटुंबांनी दावा केला आणि २००९ मध्ये उच्च न्यायालयाने परिषदेला निष्काळजी ठरवले. बायोमायनिंगचे, म्हणजे जुना ढीग उपसून, चाळून वेगळा करण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले काय आपल्याला लागू आहे ते सांगावे लागणार नाही. जुना कचरा दोन मीटरपर्यंतच्या रांगांत लावून दर आठवड्याला उलटायचा, जिवाणूंचे द्रावण फवारायचे, मग ट्रॉमेलच्या, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या चाळण्यांतून काढायचा. प्लास्टिक-चिंध्यांचे आरडीएफ (कचऱ्यापासूनचे इंधन) सिमेंट कारखान्याला जाते, दगड-विटा भरावाला जातात. सर्वांत खाली, चार ते सहा मिलिमीटरच्या चाळणीतून पडते ती बारीक माती, आणि जड धातू बव्हंशी याच मातीत साठतात. ती कुठे जाते? शेतात गेली तर खताचे निकष लागतात : किलोला शिसे १००, कॅडमियम ५, पारा ०.१५ मिलिग्रॅम. भराव म्हणून खड्ड्यात गेली तर बहुधा कोणी विचारत नाही. एका जागेचे दूषण डंपरमध्ये भरून दहा जागी वाटायचे असेल तर याहून सोपी पद्धत नाही. प्रत्येक ढिगाऱ्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची चाचणी, ताडपत्री झाकलेला डंपर, फाटकावर चाके धुण्याचा हौद आणि माती उतरली त्या जागेचा सर्वे नंबर, एवढे झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये.

मग महापालिकेवर विश्वास ठेवायचा का? ठेवायची गरजच पडू नये अशी व्यवस्था करता येते. नमुना पंचनामा करून, गावकऱ्यांच्या प्रतिनिधीसमोर घ्यायचा आणि त्याचे तीन सारखे भाग करायचे. एक महापालिकेच्या प्रयोगशाळेला, एक मंडळाला, तिसरा सील करून राखीव. दोन अहवालांत मोठी तफावत आली तर तिसरा फोडायचा. यादी करण्याचे काम महापालिकेकडे, निवाडा मंडळाकडे, आणि दोघांनीही टाळाटाळ केली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे.

राहता राहिला पैसा. ब्रिटनमध्येही बहुतांश दूषित जमीन नोटिशींनी साफ झाली नाही. बांधकाम परवानगी मागणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने साफ केली, कारण त्याशिवाय परवानगी नव्हती. आपल्याकडे बंद कारखान्याच्या जागेवर घरे बांधायची तर कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला लागतो, कामगारांची देणी बुडू नयेत म्हणून. ती अट योग्यच आहे. तिच्याच शेजारी मातीच्या अहवालाची अट घालायला महापालिकेचा एक रुपया जात नाही. भोसरी, हडपसर, पर्वतीच्या औद्योगिक वसाहतींत एकेक भूखंड हळूहळू वापर बदलतो आहे आणि त्यातले कित्येक वीस हजार चौरस मीटरच्या आतले, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या जाळीतून सुटणारे आहेत. त्यांच्यासाठी ही अट बांधकाम परवानगीतच हवी, भोगवटा पत्राच्या वेळी नव्हे. तोवर तळघर खोदून झालेले असते आणि खराब माती कुठल्या तरी ओढ्याकाठी पोहोचलेली असते.

सुरुवात फुरसुंगीपासूनच व्हायला हवी आणि तिथे एक तातडीची अडचण आहे. २०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या या दोन गावांची आता वेगळी नगरपरिषद झाली. डेपो पुणे महापालिकेचा आणि बिघडलेल्या विहिरी नगरपरिषदेच्या हद्दीत. सहामाही यादी हद्दीनुसार होते, तेव्हा डेपोच्या खालच्या अंगाच्या विहिरी आणि शेते सर्वे नंबरासह यादीत घालून मंडळाला पाठवण्याचे काम नगरपरिषदेचे आहे. निरीक्षणाचे बोअर खोदण्याचा आणि पंधरा वर्षांच्या तपासण्यांचा खर्च महापालिकेने वेगळ्या लेखाशीर्षाखाली बांधून द्यावा, आणि तो ठराव मोकळ्या झालेल्या जमिनीवरच्या कुठल्याही प्रकल्पाच्या ठरावाआधी मुख्य सभेपुढे यावा.